माझ्या नावाची शपथ

खळ्यावर सगळ्यांच्या देखत इनामदारांच्या दिवाणजीनं मला पदर झाडायला लावला. काढणीनंतर रानात पडून राहिलेली ज्वारीची कणसं होती त्यात. सरवा म्हणतात त्याला. पाखरांनी नाही खाल्ला तर बायका वेचतात. मूठभर होती. इनामदार खाटेवर बसून पान लावत होते.

'झाड म्हटलं ना,' दिवाणजी म्हणाला.

झाडला. कणसं मातीत पडली. माझे सासरे, मामंजी, पुढं झाले. वाटलं, आता बोलतील. त्यांनी कणसं उचलली, फुंकून साफ केली आणि इनामदारांच्या राशीवर नेऊन ठेवली. त्या दिवशी दिवाणजीपेक्षा मला मामंजींचाच जास्त राग आला.

चिखलीजवळची ही जमीन माझा नवरा कसायचा. तो साप चावून गेला, मग मी कसली. नांगराला माणूस मिळेना तेव्हा नांगरही धरला. गाव हसलं. हसू दे. सातबाऱ्यावर कूळ म्हणून त्याच्या जागी माझं नाव लागलं.

मामंजी एक गोष्ट येताजाता सांगायचे. इनामदारांच्या पणजोबांनी कुणा सरदारासाठी तलवार गाजवली, म्हणून त्यांना गाव इनाम मिळालं. आमच्या पणजोबांनी त्या इनामदाराचा घोडा पुरातून बाहेर काढला, म्हणून आम्हाला ही जमीन कसायला मिळाली. सरदार गेला, घोडा गेला, राज्यं बदलली. आमची चाकरी तेवढी राहिली. त्यांच्या सणाला सारवण आमचं, त्यांच्या लग्नात पाणी आमचं. मामंजी याला इमान म्हणायचे.

मग कूळकायदा आला. कसेल त्याची जमीन. सरकारचे साहेब चावडीवर येऊन एकेका कुळाला विचारणार होते, जमीन घ्यायची का. आदल्या दिवशी इनामदारांनी मामंजींना बोलावून घेतलं. जन्मात पहिल्यांदा ओसरीवर बसवलं. नवं पागोटं दिलं आणि देवापुढं बेलभंडारा उचलायला लावला, की सून जमीन नको म्हणेल.

'मला वर बसवलं गं,' घरी येऊन मामंजी म्हणाले. डोळ्यात पाणी होतं. मला रडावं की कपाळ बडवून घ्यावं, कळेना. शपथ माझ्या जिभेची, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

चावडीवर साहेबांच्या शेजारी खुर्चीत इनामदार. माझ्याआधी चार कुळांनी हात जोडून सांगितलं, नको, जमीन धन्याची आहे. स्वतःच्या तोंडानं हातातली जमीन सोडली. कायदा तरी काय करणार? मग माझं नाव पुकारलं. मी उठायच्या आत मामंजी उठले, हात जोडून.

'तिलाबी नको, सायब. मजुरीनं हाय ती.'

साहेब लिहायला लागले.

'मीच कसते, सायब,' मी म्हणाले. 'मला जमीन पायजे.'

साहेबांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी लिहिलं, मी अंगठा उठवला. इनामदार हसून म्हणाले, बाईच्या बोलण्यावर काय जाता. मामंजींनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

घरी ते जेवले नाहीत. 'देवाफुडं खोटा पाडलास मला,' म्हणाले. 'अन्नाला जागलो न्हाई आपण.'

'कुणाच्या अन्नाला, मामंजी? रोज खाता ती भाकरी कुठल्या रानातली?'

मरेपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. ते अजून सलतं. खोटं कशाला बोलू?

इनामदारांनी माझ्याविरुद्ध वरच्या कचेरीत अर्ज केला. त्यांच्या धाकानं गावात कुणी बैल देईना. लोक म्हणाले, पिंपरीला कारखाने उभे राहतायत, जा तिकडं मातीकामाला. नाही गेले. कुदळीनं खणून पेरलं त्या वर्षी. निकाल लागायचा तसा लागो. पण माझ्या वतीनं पुन्हा कुणी हात जोडले, तर मी ते हात धरून खाली करीन. घरच्या माणसाचे असले तरी.