मेंढरं पार होईपर्यंत

दादा माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, अंगठ्याकडे बघत. भोकरदनच्या बसस्टँडवर कुणाच्याही हातात मोबाइल द्यायचे, "जरा खेळून पाहा" म्हणायचे आणि त्याच्या अंगठ्यावर नजर लावून उभे राहायचे. लोकांना वाटायचं, हे हात बघून भविष्य सांगतात. एकाने तर लग्न कधी जमेल तेही विचारून घेतलं.

जालन्यात बियाण्यांच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस. पाच जण मिळून मोबाइलवरचे गेम बनवायचो. दादा गेम रचायचे, मी कोड लिहायचो. त्यांचा लाडका गेम अगदी साधा होता. भाजीचा टेम्पो भोकरदनहून जालन्याला वेळेत न्यायचा. राजूरच्या पुढे मेंढरं आडवी येतात. हॉर्न दाबला की बुजतात, आणखी वेळ लागतो. अंगठा काचेवरून उचलून थांबायचं, बस. मेंढरांची चाल मी लिहिली होती. सगळ्यांत शेवटी येणारं लंगडं कोकरू माझंच.

काहीच करायचं नाही, हा कसला गेम, म्हणून मी आधी वैतागलो होतो.

"मेंढरं जाऊ दे की," दादा म्हणाले. "माणूस कवा थांबतो, तेच तर पाहून राह्यलो मी."

आणि लोक थांबायचे. आधी हॉर्न बडवायचे, मग अंगठा उचलून स्वतःशीच हसायचे. तुम्ही तेव्हा दादांचा चेहरा बघायला हवा होता.

मग पुण्याच्या एका कंपनीने आम्हाला विकत घेतलं. तुमच्या कामात हात घालणार नाही, असा शब्द दिला. वर्षभरात तीच कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीत विलीन झाली आणि शब्द देणारी माणसंच उरली नाहीत. बसस्टँडवर गेम दाखवायला बंदी आली. खेळणारा कुठे कंटाळतो, ते आता आकडे सांगणार होते. आकड्यांनी नेमकं मेंढरांवर बोट ठेवलं. तिथे जाहिरात टाका, असा मेल आला.

तीन मीटिंगांत दादा खुर्चीतून उठत-बसत एकच सांगत राहिले, की थांबणं हाच गेम आहे. पडद्यावरची माणसं माना डोलवत होती. चौथ्या मीटिंगला त्यांना बोलावलंच नाही, मला बोलावलं. मी जाहिरात टाकली. अर्धा तास लागला.

दुसऱ्या दिवशी दादांनी माझ्यापुढे मोबाइल धरला. मी खेळलो. मेंढरं आली, लगेच जाहिरात आली, आणि माझा अंगठा कोपऱ्यातली फुली शोधायला धावला. दादा अंगठ्याकडेच बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी न्हाई टाकली असती तर दुसऱ्यानं टाकली असती, दादा."

"बराबर आहे," ते म्हणाले. "पण मेंढरं तूच चालवली होती ना."

त्याच आठवड्यात राजीनामा देऊन ते परतूरला, त्यांच्या गावी गेले. माझा फोन उचलत नाहीत.

परवा भोकरदनला जाताना राजूरच्या अलीकडे बस थांबली. खरी मेंढरं आडवी आली होती. तेवढ्या वेळात काय करायचं, म्हणून मी मोबाइल काढला. मान वर केली तेव्हा रस्ता मोकळा झाला होता. मला एकदम दादा हवेसे वाटले. शेजारच्या मावशींना विचारलं, शेवटी एखादं लंगडं कोकरू होतं का.

"न्हाई पाह्यलं बाबा," त्या म्हणाल्या. "मी बी मोबाइलच पाहून राह्यले होते."