सुभेदारांची खाडी

पाण्यात उतरण्याआधी सुभेदार खाडीची चव घ्यायचे. गुडघाभर पाण्यात उभं राहून ओंजळ तोंडात घ्यायची, गालात खळखळवायची आणि लांब पिचकारी टाकायची. तेवढ्यावर निकाल लागे. "आज पानी बरं हाय," म्हणाले की सदरा काठावर. "आज कारखान्याचं पानी हाय," म्हणाले की टॉवेल खांद्यावर टाकून सरळ घरी. मी नायगावच्या नव्या इमारतीत राहायला आले तेव्हा खिडकीतून ते पहिल्यांदा दिसले ते असेच. मला वाटलं, कोणी म्हातारा दात घासायला खाडीवर येतो.

हिरामण सुभेदार जन्मले त्याच खाडीकाठच्या शेतकरी घरात. फौजेत ते पूल बांधणाऱ्या पलटणीत होते. एकाहत्तरच्या लढाईत त्यांनी दोर कमरेला बांधून पूर्वेकडची एक नदी पोहून ओलांडली होती, आणि तेव्हा डाव्या खांद्यात घुसलेली लोखंडाची कपची शेवटपर्यंत तिथेच राहिली. मी शाळेत ग्रंथपाल. लढायांबद्दल पुस्तकांत जेवढं वाचलं होतं तेवढंच ठाऊक, म्हणून हावरेपणाने विचारायला जाई.

"लढाईचं काय विचारता बाई, नदीचं विचारा," ते म्हणत. "पानी गोडं, आन तरी आपल्या खाडीसारखं चढायचं, उतरायचं. मी बघतच राह्यलो. साहेब म्हनले, हिरामन, लढाईला आलायस का पाहुणा म्हनून?"

निवृत्तीनंतर ते भातशेती करत, चिंबोऱ्या पकडत आणि इमारतीतल्या आम्हा हौशी मंडळींना तुंगारेश्वरच्या डोंगरावर नेत. त्यांचा नियम एकच. सगळ्यांत हळू चालणारा पुढे, म्हणजे मागे कोणी राहत नाही. त्यामुळे मी कायम पुढे असे. आयुष्यात दुसरीकडे कुठेही मला ती जागा मिळाली नाही.

दरवर्षी भात झोडून झालं की ते एकदा खाडी पोहून समोरच्या बेटावर जात. ऐंशी उलटल्यावर एकदा पाण्यातच त्यांना चक्कर आली. डॉक्टरांनी पोहणं बंद केलं आणि त्यांच्या बायकोने, लक्ष्मीकाकींनी, ते अमलात आणलं. सुभेदार खाटेवर बसून खाडीकडे बघत राहत. "एकदा पलीकडं जाऊ द्या," ते म्हणत, "मग इथं बांधून ठेवा."

"ओ सुभेदार, लढाई संपली," काकी आतून म्हणत.

पलीकडे जायचं तर पाण्याला ओढ कमी हवी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ते जमत नाही. अष्टमीच्या सुमाराला भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं पाणी असतं, सकाळी भरती पुरी झाली की ते घटकाभर थबकून राहतं. तिथी कळली की वेळ कळते. म्हणून काकींनी भिंतीवरचं कॅलेंडरच काढून तांदळाच्या डब्यामागे लपवलं.

एका मंगळवारी दुपारी मी तिथे बसले होते. काकींनी मला पोहे दिले. तुम्ही घ्या ना, म्हटलं, तर म्हणाल्या, "मी नाय. उपास हाय."

"कसला?" खाटेवरून प्रश्न आला.

"अंगारकी."

सुभेदारांनी एकेक करत चार बोटं मिटली. "म्हंजे शनवारी अष्टमी. सकाळचं पानी."

काकींच्या हातातली बशी तशीच राहिली.

"कॅलेंडर लपवलंस," सुभेदार म्हणाले, "आता गणपतीला कुठं लपवशील?"

काकींना हसू आवरेना, आणि हसल्यावर त्यांच्याने नाही म्हणवलं नाही. "पन मी होडीत बसनार," त्या म्हणाल्या. "दामू वल्हवील." दामू हा सुभेदारांचा पुतण्या.

शनिवारी मीही होडीत होते. पोहता येत नाही, पण घरी बसवेना. पाणी थबकलं होतं, काचेसारखं. सुभेदार कुशीवर वळून एका हाताने पाणी कापत निघाले. डावा हात जेमतेम साथ देत होता, पण वेग असा की दामूला नेटाने वल्हवावं लागलं. माझ्या छातीत धडधडत होतं. पुस्तकातलं काही वाचताना असं कधी धडधडलं नव्हतं.

मध्यावर यायच्या आधीच ते थांबले. उताणे झाले. छाती वरखाली होत होती. दामूने वल्हं पुढे केलं.

"वल्हं आत घे," काकी म्हणाल्या.

"काकी, दमलेत ते."

"मला दिसतंय. आत घे."

सुभेदारांनी आकाशाकडे बघतच विचारलं, "अगं, घर जवळ का बेट?"

काकींनी मागे पाहिलं. आमच्या काठावरचे बांधावरचे दगड स्पष्ट दिसत होते. मग पुढे पाहिलं. बेटावरची झाडं अजून नुसती हिरवी रेघ होती.

"बेट," त्या म्हणाल्या.

सुभेदार वळले आणि हात मारू लागले. काकींनी होडीची कड इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली. बेटाच्या चिखलात सुभेदारांचे पाय टेकले तेव्हा दामू ओरडला, मी ओरडले. काकींनी टॉवेल घेऊन होडीतून चिखलात पाय टाकला आणि भांडणासारखं खसाखसा नवऱ्याचं डोकं पुसलं.

या हिवाळ्यात सुभेदार गेले, घरीच, झोपेत. दिवसकार्य आटोपल्यावर मी काकींजवळ बसले होते, तेव्हा राहवलं नाही. म्हटलं, "काकी, त्या दिवशी घर जवळ होतं ना?"

"व्हय."

"मग त्यांना फसवलंत?"

काकींनी माझ्याकडे पाहिलं. "त्यांना? त्या पान्यात जल्मापासून पवलेला मानूस. आपन कुठं हाय ते डोळं मिटून सांगितलं असतं त्यांनी. अंतर नव्हतं विचारलं बाई. मी जा म्हनते का, तेवढं ऐकायचं होतं."