शिरसाट बाईंच्या नावाखालचं इंग्रजी

मला इंग्रजी शिकवलं ते शिरसाट बाईंनी. शाळा सुटल्यावर, त्यांच्या ओट्यावर, सहा वर्षं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो त्यांच्यामुळे. त्यांच्याशी मी काय केलं, हे बायकोलाही सांगितलेलं नाही — तुम्हाला सांगतोय.

आयर्लंडात, गॉलवेला फिजिओथेरपीचं पुढचं शिक्षण घेताना प्रबंधासाठी मानदुखीची एक इंग्रजी प्रश्नावली मी मराठीत आणली. इथल्या मराठी आयटीवाल्यांच्या माना आखडलेल्याच. रुग्णांना तोटा नव्हता. पण या कामाचा एक नियम असतो. मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या माणसाने तुमची मराठी पुन्हा इंग्रजीत करायची. अर्थ कुठे निसटला ते त्यातूनच कळतं. मी बाईंना विचारलं. केवढ्या हरखल्या!

वहीच्या पानांचे फोटो आले. चौथ्या प्रश्नापाशी त्यांनी लिहिलं होतं, "अरे संपत, दुखणं आत्ताचं विचारतोस की नेहमीचं? कळत नाही."

आणि मी काय केलं? वेळ नव्हता — असं स्वतःला बजावत राहिलो. खोटं. चांगले पंधरा दिवस हातात होते. पण ते साधं, अडखळतं इंग्रजी माझ्या आयरिश गाईडना दाखवायचं? त्या काय म्हणतील — हा यांच्याकडे शिकला? मूळ प्रश्नावली समोर ठेवून मीच इंग्रजी लिहिलं. खाली बाईंचं नाव घातलं.

गाईड खूश. "ग्रँड! तुझ्या बाईंनी तर अगदी मुळाबरहुकूम उतरवलंय." मी हसलो. ते हसू आठवलं की आजही स्वतःची शिसारी येते.

पुढे डब्लिनजवळ क्लोनडॉकिनला मुलाकडे आलेल्या एका काकांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "डॉक्टर, आत्ताचं विचारताय का रोजचं? गोळी खाऊन आलोय, आत्ता काहीच नाही. शून्य लिहू?"

"लिहा," मी म्हटलं.

मान वळवता न येणारा माणूस — माझ्या कागदावर ठणठणीत. असे आणखी किती, कोण जाणे.

प्रबंधातलं आपल्या नावाचं पान बाईंनी फ्रेम करून भिंतीवर लावलंय. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. फोनवर मला सांगतात, आणि मी — "हो बाई, हो बाई." तीन वर्षं.

सोमवारी पत्र टाकलं. एवढंच लिहिलं:

"बाई, त्या पानावरचं इंग्रजी तुमचं नाही. ते मी लिहून तुमच्या नावावर छापलं. विद्यापीठालाही हे कळवलं आहे. तुम्ही पाठवलेलं मी कोणालाच दाखवलं नाही. मला त्याची लाज वाटली. — संपत"