धनकुंवरबाईंची अठाई आणि गावाचे अंदाज

धनकुंवरबाई ओस्तवाल यांचे मौन ही जळगावच्या त्या गल्लीला न परवडणारी गोष्ट होती. भाजीवाल्याच्या मापापासून नगरसेवकाच्या आश्वासनापर्यंत त्यांच्या जिभेच्या तडाख्यातून काही सुटत नसे. यंदाच्या पर्युषणात त्यांनी अठाई केली, म्हणजे आठ दिवस केवळ उकळलेल्या पाण्यावर राहण्याचे व्रत धरले. आणि त्याला मौनाची जोड दिली. घरच्यांना उपवासाची धास्ती नव्हती, मौनाची होती.

व्रत सुरू झाले त्याच दुपारी नात मुस्कान पुण्याहून घरी आली. शीतगृहांचे तापमान दुरून सांभाळणारी संगणकप्रणाली तयार करणाऱ्या कंपनीची ती मुख्य कार्यकारी अधिकारी होती. संचालक मंडळाने तिला पदावरून काढले होते. मंडळाचे निवेदन एका वाक्याचे होते : नेतृत्वातील हा बदल कंपनीच्या हिताचा आहे. करारामुळे कारण मुस्कानलाही उघड करता येत नव्हते.

"दादी, तुझं पारणं झालं की मी निघते," माडीचा जिना चढताना ती म्हणाली. "या गावात पुन्हा तोंड दाखवायचं नाही मला."

धनकुंवरबाईंच्या ओठांपर्यंत उत्तर आले आणि व्रताने ते अडवले.

तपस्व्याची साता विचारायला, म्हणजे त्याचे कुशल विचारायला, जाणे हे जैन समाजात पुण्याचे काम. त्यामुळे दिवसभर बैठकीत माणसे येत, हात जोडत, आणि कुशल विचारून झाले की माडीकडे पाहून आवाज खाली आणत.

"गुपितं फुटली म्हणतात कंपनीची," धनकुंवरबाईंचे धाकटे दीर भिकमचंद म्हणाले. "दुसऱ्या कंपनीला दिली."

"छे हो, लग्नाला नाही म्हणते ना, त्यातलंच काहीतरी," शेजारच्या चेलनाने सांगितले.

कापड दुकानदार मोतीलाल हसला. "अहो, आता यंत्रच सगळं ठरवतं. सीईओ हवाय कुणाला?"

धनकुंवरबाईंनी डोळे मिटून घेतले. दाराबाहेर पडता पडता भिकमचंद म्हणाले, "पाहिलंत? भाभीजींनी डोळे मिटले. म्हणजे खरं आहे."

घरकामाला येणाऱ्या धुरपदाबाईंनी ते ऐकले आणि हातातला झाडू आपटून अहिराणीत सगळ्या गावालाच वेड्यात काढले. "बठ्ठं गाव येडं व्हई जायेल शे, अक्का!"

कारणाची जागा रिकामी राहिलेली समाजाला सहन होत नाही. जो तो आपल्या जवळचे सामान आणून ती भरतो : कुणी आपली भीती, कुणी आपला जुना राग. आणि भरलेली जागा पाहून सर्वांना वाटते, ती पहिल्यापासून अशीच होती. धनकुंवरबाईंना हे शब्दांत मांडता आले नसते. पण मौनात बसून त्यांनी ते घडताना पाहिले. त्याहून अधिक बोचले ते वेगळेच. त्यांच्या स्वतःच्या मनातही एक अंदाज घर करून बसला होता.

संवत्सरीचे, म्हणजे पर्युषणाच्या शेवटच्या दिवसाचे, प्रतिक्रमण हे प्रायश्चित्त झाले आणि मौन सुटले. दुसऱ्या दिवशी सकाळी क्षमायाचनेसाठी बैठक भरली. भिकमचंद पुढे झाले.

"भाभीजी, वर्षभरात मन-वचन-कायेनं दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडं."

"कशाबद्दल, भिकमचंदजी?" आवाज क्षीण होता, पण बैठकीतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. हा प्रश्न त्या वाक्यानंतर कुणी कधी विचारला नव्हता.

"म्हणजे... सगळ्याबद्दलच."

"सगळ्याची क्षमा मी देत नाही. काय बोललात ते सांगा, त्याची देते."

भिकमचंदांनी उपरणे सावरले. "गुपितांचं म्हणता? मी आपलं ऐकलेलं सांगितलं. हा मोतीलाल म्हणाला."

"मी?" मोतीलाल उसळला. "काकाजी, मला तर तुम्हीच सांगितलंत! दुकानात, चहा पिताना!"

कुणीतरी फिस्कन हसले. धनकुंवरबाई हसल्या नाहीत.

"बसा दोघं. आधी माझं होऊ द्या." त्यांनी जिन्याकडे तोंड केले. "मुस्कान, पोरी, ऐकतेस ना? मला वाटलं, तू लहानपणापासूनची हट्टी. कुणाचं ऐकलं नसशील, म्हणून काढलं असेल. काही ठाऊक नसताना आठ दिवस मी तुला मनात दोषी धरलं. तोंड बंद ठेवून धरलं. त्याबद्दल मिच्छामि दुक्कडं."

वरचे दार उघडले. मुस्कान उतरून आली. डोळे लाल होते, मान ताठ होती. दादीसमोर ती खाली बसली आणि दादीचे जोडलेले हात तिने आपल्या हातांत घेतले.

"हट्टी तर मी आहेच, दादी. पण कारण ते नव्हतं."

मग एकेक जण तिच्यासमोर आला आणि आपले वाक्य बोलला. चेलनाने लग्नाचे सांगितले, मोतीलालने यंत्राचे. बोललेले मोठ्याने पुन्हा उच्चारताना ते किती पोकळ होते, हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसले. भिकमचंद शेवटी आले. क्षमा मागून झाली, तरी त्यांचे पाऊल हलेना.

"पण पोरी... खरं कारण काय गं?"

"दादाजी, पुढच्या वर्षीच्या क्षमेची तयारी आजपासूनच?"

बैठक खळखळून हसली आणि भिकमचंदही त्यात सामील झाले. मुस्कानने दादीला मुगाचे पाणी पाजून पारणे करवले.

तपस्व्यांची मिरवणूक सराफ बाजारातून निघाली. उघड्या जीपमध्ये धनकुंवरबाईंच्या शेजारी मुस्कान बसली होती. दोन्ही बाजूंच्या दुकानांतून लोक पाहत होते, आणि ती प्रत्येकाला हात जोडत, प्रत्येकाच्या डोळ्यांत पाहत पुढे जात होती. ढोलांचा आवाज वाढला, तेव्हा तिने वाकून दादीच्या कानात सांगितले, "दिवाळीपर्यंत इथंच राहते."