वरचे पुडे

ढग आले आणि मला भीती वाटायला लागली. संघटनेच्या पत्रकात हे लिहिता येत नाही. तिथे आम्ही कधी भीत नसतो.

सालेकशाच्या जंगलपट्टीतल्या एका गावात आम्ही तेंदूपत्ता अडवून धरला होता. बाया सकाळी जंगलात ही विडीची पानं तोडतात, पुडे बांधतात आणि फळीवर, म्हणजे ठेकेदाराच्या खरेदीच्या जागी, नेऊन देतात. तिथला मुन्शी दर शेकड्यामागे काही पुडे फुकट काढून घेतो. त्यांना म्हणतात 'वरचे'. कुठल्या कायद्यात बसतात हे वरचे? सरळ चोरी आहे! गोंदियाहून पत्रकं घेऊन मी गेले, सभा झाली, ठरलं: वरचे बंद होईपर्यंत पान द्यायचं नाही.

मुन्शी विचारायलासुद्धा आला नाही. पान ढिगात ठेवलं की तापतं, काळं पडतं, म्हणून बायांनी ते शाळेच्या पटांगणात पसरलं. त्यावर अवकाळी पाऊस कोसळला. ताडपत्र्या येईपर्यंत सगळं भिजून वाया गेलं होतं.

मी शाळेच्या ओट्यावर बसून राहिले. हंगाम असतोच किती! मुन्शीनं आता या गावाचं पान घेणंच बंद केलं तर? मनात एकच चाललं होतं, गोंदियाची बस कधी आहे.

सभेत सगळ्यात आधी हात वर करणारी मावशी पदर पिळत आली.

"काऊन वं, भेऊन रायली का?"

"माझ्यामुळे झालं, मावशी."

"तुह्यामुळं? आमी का बकऱ्या होतो, तू हाकललं न् गेलो? पान सडते, हे आमाले मालूम नवतं का? मालूम असूनच बसलो." मग बाकीच्यांकडे वळून म्हणाली, "हिले सकारी जंगलात नेऊ. भाषण देते, पान तोडून तं पाहो दे!"

भिजलेल्या बाया खदाखदा हसल्या. मला हसू येईना.

हंगाम बुडू नये म्हणून बायांनी पान पुन्हा द्यायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी फळीवरच्या रांगेत, स्वतः तोडलेल्या पानांचा भारा डोक्यावर घेऊन, मीही उभी होते. मुन्शीनं मला न्याहाळलं.

"किसने भडकाया इनको?"

मी डोक्यावरचा भारा सावरला.

"कोनी नाई भडकावलं," मावशी म्हणाली. "आमचंच डोस्कं फिरलं होतं. मोज आता, गा."

त्यानं मोजलं आणि वरच्यांसाठी हात पुढे केला. मावशीनंच ते पुडे उचलून त्याच्यासमोर आपटले आणि सगळ्या फळीला ऐकू जाईल असं म्हणाली, "हे वरचे. फुकटचे."

मुन्शीची मान खालीच. मागची पुढे सरकली. "हे वरचे. फुकटचे."

त्यानं तिथेच 'खरेदी बंद' म्हटलं असतं, तर गावाचा हंगाम संपला असता. तो म्हणेल असंच मला प्रत्येक वेळी वाटत होतं. तिसरीचा आवाज कापला, पण तिनं म्हटलं. रांग हलली. माझ्यापुढे आता एकच बाई उरली होती, आणि माझ्या तोंडून आवाज निघेल याची मला खात्री नव्हती.