दिवा लागला, विझला, पुन्हा लागला

आमच्या खुटबावच्या घरात माणसं दोन आणि माझे उद्योग शंभर, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. मी रांजणगावच्या एमआयडीसीत मशीनच्या पॅनेलवर काम करतो. तिथं दिवसभर वायरी जोडून हौस फिटत नाही, म्हणून घरीही तेच. टाकी भरली की मोटर आपोआप बंद होते, ऊन चढलं की गोठ्यातला पंखा फिरू लागतो. एकदा टाकी रिकामी असतानाच मोटर बंद पडत राहिली आणि दोन दिवस शेजारून पाणी आणावं लागलं, तेवढं आई अजून विसरलेली नाही.

गेल्या हिवाळ्यात दिवेलागणीला ती उंबऱ्यात पडली. दाराआडचं दिव्याचं बटण चाचपताना पाय अडखळला आणि मनगट मोडलं. मी सेकंड शिफ्टला, घरात ती एकटी. मला स्वतःचा फार राग आला. सगळ्या घराला अक्कल शिकवली आणि नेमका हा दिवा राहिला! त्याच आठवड्यात दारापुढच्या ओट्यावरच्या दिव्याला सेन्सर बसवला. अंधारू लागलं की दिवा लागायचा आणि लागल्या-विझल्याचा मेसेज माझ्या मोबाइलवर यायचा. सेन्सर रुसलाच तर दिवा हातानं लावता-विझवता यावा म्हणून जुनं बटणही चालू ठेवलं.

महिनाभर सगळं सुरळीत होतं. आईचं प्लास्टर निघालं आणि गंमत सुरू झाली. दिवा लागायचा, पाच-दहा मिनिटांनी विझायचा, लगेच पुन्हा लागायचा. रोज. चहाच्या सुट्टीत ते मेसेज बघून मी चक्रावून जायचो. सेन्सरवर दिव्याचाच उजेड पडत असेल आणि त्याला दिवस उगवल्यासारखं वाटत असेल, म्हणून त्याला पाइपच्या तुकड्याची टोपी घातली. काही फरक नाही. दिवा चालू-बंद करणारा रिले बदलला, व्होल्टेज मोजलं, वायरी नव्यानं ओढल्या. दिवा आपला लागे, विझे, लागे. खरं सांगायचं तर मला मजा येऊ लागली होती. न सापडणारा दोष म्हणजे माझी मेजवानीच.

शेवटी सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर खुर्ची टाकून बसलो. दिवा लागला. थोड्या वेळानं आई गोठ्यातून आली, हातपाय धुतले, दाराआड हात घालून दिवा विझवला, परत लावला आणि दिव्याकडं बघून हात जोडले.

"आये, हे काय करतीस?"

"लागलेल्या दिव्याला कसा नमस्कार करायचा? आपण लावायचा, मग हात जोडायचे."

"मग पहिला महिनाभर का न्हाई केलंस?"

"प्लास्टरात कुठं हात जोडता येत होते? तवर तुझा दिवा बरा होता."

इतके दिवस मी दिव्याला धरून बसलो होतो आणि घरातल्या माणसाला एका शब्दानं विचारलं नव्हतं. लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सेन्सर काढून उंबऱ्याजवळच्या एका छोट्या बल्बला जोडला, पाय दिसण्यापुरता. मोठ्या दिव्याचं बटण दाराबाहेर, तिच्या हाताशी आणलं. तो आता तिचा. त्याच्या लागण्याचा मेसेज मात्र ठेवला आणि तसं तिला सांगितलंही. तो आला की मी निर्धास्त कामाला लागायचो.

मग एका संध्याकाळी मेसेज आलाच नाही. बाहेर पूर्ण अंधार पडला. दोनदा फोन केला, उचलला नाही. डोळ्यांपुढं तो उंबरा आला आणि स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून मी पुन्हा फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला.

"म्हस सुटली व्हती रं. आत्ता बांधून येतीय."

"दिवा न्हाई लावलास?"

"लावते. थांब."

टक् असा आवाज आला. मग काहीच नाही. ती हात जोडत असणार, म्हणून मीही गप्प राहिलो.

"लागला का रं तिकडं?"

हातातला मोबाइल थरथरला.

"लागला, आये," मी म्हणालो.