हँडलला हात कोण लावणार?

ज्या घरात आई दिवसातून चाळीसदा हात धुते, त्या घरात हँडवॉशच्या रिकाम्या बाटल्या साठतात आणि त्यांच्या मागोमाग किस्से! बाटल्या भंगारवाला नेतो. किस्से घरातच राहतात, कारण ते बाहेर सांगायची लाज वाटते. मला तर वर्षानुवर्षं वाटली. आता आम्ही तिघं भेटलो की आधी कोण सांगणार यावरून भांडणं होतात.

तिघं म्हणजे मी, जागृतीबेन आणि हर्षदभाई. तिघांनाही ओसीडी, तिघांनाही घाणीची आणि जंतूंची भीती, आणि वर तिघंही आईबाप! जागृतीबेनचं लहरीपुऱ्यात ड्रेस मटेरियलचं दुकान, दोन मुलगे. हर्षदभाई कोयलीला रिफायनरीत, त्यांना एक मुलगी. मी बडोद्यातच जन्मलेली मराठी, शाळेत गणित शिकवते. माझी सई सात वर्षांची.

ही सई शाळेतून आली की अंघोळ होईपर्यंत मी तिला हात लावत नव्हते. तीन वर्षं! लेक दारात उभी आणि आई चार हात लांबून म्हणतेय, "बाथरूममध्ये जा, कशालाही शिवू नकोस." हातांची सालटी निघाली ती मी सोसली असती, पण हे नको होतं. तेवढं एक सुटावं म्हणून फतेगंजला मानसोपचाराच्या मॅडमकडे जायला लागले.

*

ग्रुप थेरपीचा पहिला गुरुवार. पाचची वेळ. मॅडमचं क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर, दार बंद. बाहेर एक बाई आणि एक गृहस्थ आधीच उभे. मीही उभी राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दाराला गोल हँडल होतं, म्हणजे कोपराने उघडायची सोय नाही! बेल होती, पण बेलही दाबावीच लागते ना?

शेवटी बाई म्हणाल्या, "भाई, तमे खोलो ने!"

गृहस्थ दोन पावलं मागे सरकले. "ना ना, लेडीज फर्स्ट!"

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

साडेपाचला मॅडमनीच आतून दार उघडलं. तीन पेशंटांपैकी एकही आला नाही म्हणून त्या घरी निघाल्या होत्या! त्यांनी आमच्याकडे पाहिलं, हाताची घडी घातलेले तिघं. मग हँडलकडे पाहिलं.

"अरे वा," त्या म्हणाल्या, "ग्रुप सुरूसुद्धा झाला!"

*

मॅडमची ट्रीटमेंट ऐकायला सोपी. ज्याची भीती वाटते त्याला हात लावायचा आणि मग हात धुवायचा नाही. जीव कासावीस होतो, होऊ द्यायचा. थोड्या वेळाने तो आपोआप निवतो. लहान गोष्टीपासून सुरुवात करायची आणि दर आठवड्याला एक पायरी वर. मॅडमनी प्रत्येकाला आपापल्या पायऱ्यांचा कागद लिहून दिला.

पुढच्या गुरुवारी जागृतीबेननी आपला कागद लॅमिनेट करून आणला.

"किती जपलंत हो!" मी म्हटलं.

"जपवानुं शुं? पुसता आला पाहिजे ने!"

*

घरच्यांनाही एक नियम होता. आम्हाला सारखी खात्री करून घ्यायची सवय: हात धुतलास का, साबण लावलास का. घरच्यांनी ती खात्री द्यायची नाही. उत्तर एकच, "कदाच." म्हणजे कदाचित.

हर्षदभाईंची मुलगी दहा वर्षांची. तिला तर हा नियम म्हणजे लॉटरीच! एका रविवारी तिने बापासाठी स्वतःच्या हाताने भाखरी केली. हर्षदभाई ताटावर बसले आणि राहवलं नाही.

"बेटा, हाथ धोया?"

"कदाच!"

"साबुथी?"

"कदाच!"

बायको म्हणे स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी. हर्षदभाईंनी पहिला तुकडा तोंडापर्यंत नेला आणि परत ताटात ठेवला. दुसरा तोंडात गेला. असं करत करत त्यांनी सबंध भाखरी संपवली. पोरीच्या हातचं त्यांनी तिच्या जन्मात पहिल्यांदा खाल्लं. हे सांगताना साडेपाच फुटांचा तो माणूस आमच्यासमोर ढसाढसा रडला, आणि मला त्याच्याकडे बघून वाटलं, सैन्यात तरी याहून मोठं धाडस काय करतात!

नाक पुसून झाल्यावर ते म्हणाले, "पण पुढे चूक झाली. पोरीने विचारलं, पप्पा, भाखरी कशी झाली? मी म्हटलं, कदाच चांगली! दोन दिवस बोलली नाही ती माझ्याशी."

*

माझी पायरी होती सईचे मळके मोजे. हातात धरायचे, बाजूला ठेवायचे, आणि चाळीस मिनिटं हात धुवायचे नाहीत.

मी धरले. ठेवले. मग उजवा हात समोर ताठ धरून हॉलच्या मधोमध उभी राहिले. बसले तर सोफा बाटेल, टेकले तर भिंत. तेवढ्यात माझा नवरा मिलिंद ऑफिसातून आला.

"काय गं, कोणाला थांबवतेयस?"

"थेरपी चाललीय. अजून पंचवीस मिनिटं आहेत."

त्याने शांतपणे बूट काढले, माझ्या ताठ हातावर आपली डब्याची पिशवी अडकवली आणि म्हणाला, "बरं, तोवर ही धर."

मी इतकी हसले की वेळ संपल्याचं कळलंसुद्धा नाही.

*

जागृतीबेनचा हा किस्सा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गिऱ्हाइकाने हाताळलेलं कापड अर्धा तास पंख्याखाली ठेवल्याशिवाय घडी न घालणारी ही बाई! धाकट्याला घेऊन रिक्षाने लग्नाला निघाली होती. पोराला ताप होताच. वाटेत त्याला भडभडून उलटी झाली. आणि जागृतीबेननी ती ओंजळीत झेलली. दोन्ही हातांच्या!

हर्षदभाई खुर्चीच्या टोकावर आले. मीही. आम्ही दोघांनी एकदमच विचारलं, "मग हात किती वेळा धुतलेत?"

आमच्यासाठी दुसरा प्रश्नच नव्हता ना!

जागृतीबेन आठवायला लागल्या. बराच वेळ आठवत राहिल्या.

"हाथ? पहेलां तो एनुं मोढुं, तोंड धोयुं. मग त्याला पाणी पाजलं. मग रडत होता, म्हणून मांडीवर घेतला." त्यांनी आपले तळहात उलटेसुलटे करून पाहिले. "हात... धुतलेच असतील ने कधीतरी!"

मॅडमचं पेन वहीवरच राहिलं. हर्षदभाई हळूच उभे राहिले. मग मीही उभी राहिले.

"बेसो ने बद्धा," जागृतीबेन लाजून म्हणाल्या.

*

त्यानंतरच्या गुरुवारी मॅडम मला म्हणाल्या, "आता सई."

सईने एक गोष्ट आपली आपण शिकून घेतली होती. मी कधी सांगितलं नव्हतं, देवाशपथ. व्हॅनमधून उतरून जिना चढली की आमच्या दारात ती दोन्ही हात वर करून उभी राहायची. भिंतीला लागू नयेत, मला लागू नयेत म्हणून. मी दार उघडायचे, ती तशीच हात वर करून माझ्या बाजूने सरळ बाथरूममध्ये जायची. समोरच्या फ्लॅटमधल्या मासींना वाटायचं, पोरगी नाचतेय.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी दार आधीच उघडून ठेवलं. आणि बाहेर जाऊन जिन्याच्या कोपऱ्यात, जिथे सगळ्यांच्या चपला पडलेल्या असतात तिथे, खाली फरशीवर बसले. तळहात दोन्ही बाजूंना जमिनीवर टेकले आणि तसेच ठेवले.

सई वर आली. मला बघून खालच्याच पायरीवर थांबली. सवयीने हात वर गेले.

"आई, तिथे चपला असतात!"

"असतात."

"मी अंघोळ नाही केलेली."

"माहितीय मला. ये."

"आज मातीत खेळलो आम्ही. तुला लागेल."

"लागू दे. ये गं!"

तिने दप्तर काढून ठेवलं. माझ्याकडे बघत बघत जवळ आली आणि अगदी सावकाश माझ्या मांडीवर बसली. केसांना धुळीचा, घामाचा, डब्यातल्या लोणच्याचा वास. मी तिला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मला रडू येत होतं आणि तिच्या छातीतली धडधडही मला लागत होती.

तिचे हात अजून वरच होते.

बऱ्याच वेळाने तिने माझ्या कानाशी विचारलं, "आई, मग आता हात कुठे ठेवू?"

मी म्हटलं, "कुठेही!"